एकवीस धडे, एक खराबी

८ मार्च २००४, सोमवार

गंज बाजारातल्या एका आडतवाल्याचा टेप जानेवारीत नीट करून दिला, तेव्हा त्यानं ही डायरी हातात ठेवली होती. दोन महिने कोरीच पडली. मला सवय दुकानाच्या वहीची. तिच्यात तीन रकाने असतात, तक्रार, कारण आणि इलाज. सव्वीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही तसेच लिहीत आलो. आज आलेलं काम त्या रकान्यांत मावंना, म्हणून इथं लिहायला घेतलं.

दुपारी अंबरीश आला. कोचिंग क्लासवाला. भूकंपाच्या साली हा पोरगा बारावीला होता, आता औसा रोडला त्याच्या क्लासची तीन मजली इमारत आहे. म्हणला, "चाचा, अनंतराव सरांची केमिस्ट्री कॉम्प्युटरवर भरून घ्यायची. बारावीचे एकवीस धडे. जूनच्या बॅचला सीडी द्यायच्यात." मी म्हणलो, बाबा, टेपचं काम असंल तर बोल, कॉम्प्युटर मला येतो तेवढाच येतो. तर तो स्टूल ओढून जवळ आला. सरांच्या घशात कॅन्सर निघालाय. पाच एप्रिलला सोलापुरात ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार.

"म्हणजे रे?"

"म्हणजे नंतर सर बोलणार न्हाईत, चाचा. कधीच."

लातुरात सरांना ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही. गावातले अर्धे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेले. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. ते शिकवायला लागायच्या आधीच मी पी.यू.सी.ला केमिस्ट्रीत दोनदा आपटून सोल्डरिंगची कांडी हातात घेतली होती. हो म्हणून टाकलं.

११ मार्च, गुरुवार

सरांच्या घरी मधल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. सकाळी आठ ते साडेअकरा बसायचं, बारा वाजता लाइट जाते. सरांच्या कॉलरला छोटा माईक लावला. त्याच्या वायरीला मध्ये बोटाएवढी डबी असते, तिच्यात सेल आणि चालू-बंदचं बटण. ती डबी सरांच्या सदऱ्याच्या खिशात, रुमालाच्या शेजारी.

सरांचा आवाज बसलेला आहे, पण शिकवायला लागले की खरखर विसरायला होतं. उभं राहूनच शिकवतात. रिकाम्या खोलीत जमंना म्हणून मला समोर बसवलं. दर मुद्द्याला "समजलं का?" म्हणून थांबतात, मी मान हलवली की पुढं जातात. मशीन मध्ये बंद करू देत नाहीत. "वर्गात मी कधी मध्येच थांबलो का, मुज्तबाभाई?" मी काय सांगणार, मी होतो कुठं वर्गात.

ऐकून बघितलं तर सगळ्या साडेतीन तासांवर भुंगा. घूंऽऽ घूंऽऽ. आजचं सगळं वाया.

१३ मार्च, शनिवार

भुंगा अर्थिंगचा. घरामागचा अर्थिंगचा खड्डा ठणठणीत वाळलाय. त्यात मीठ, कोळसा टाकून वरून पाणी सोडावं लागतं. नळ आठव्या दिवशी येतो, आणि मी परसातल्या पिंपातल्या दोन घागरी त्या खड्ड्यात ओतल्या. सरांची बायको, सौदामिनीबाई, दारात येऊन बघतच राहिल्या.

"अवो मुज्तबाभाई! प्यायचं पाणी जमिनीला पाजून राहिलाव का काय तुम्ही?"

म्हणलो बाई, भुंगा मरतो याच्यानं. "भुंगा मरंल, पण आम्ही काय प्यावं?" बोलत बोलत तिसरी घागर त्यांनीच आणून दिली. भुंगा गेला. मला मात्र लई मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च, मंगळवार

नवी तक्रार. बरोब्बर तीन तास बावीस मिनिटांनी रेकॉर्डिंग बसतं, पुढची फाइल उघडत नाही. आधी वाटलं कॉम्प्युटर तापतोय, टेबलफॅन लावला. मग कळलं, ह्या प्रोग्रामची फाइल दोन जीबीच्या पुढं वाढतच नाही. रांजण भरला की वरून ओतलेलं वाहून जाणारच. मशीन मध्ये बंद करायचं नाही हा सरांचा हट्ट, म्हणून एकाच माईकचा आवाज दोन ऐवजी एका चॅनेलवर घेतला. फाइल निम्मी झाली. सहा धडे स्वच्छ आले. घरी बायकोला, बिलकीसला, कॅल्शियम का कायतरी सांगत होतो, तर ती म्हणली, "अब इस उमर में बारवी करते क्या जी?"

पण खरं सांगतो, सकाळी आठ वाजायची मी वाट बघायला लागलोय.

२० मार्च, शनिवार

लिहायची लाज वाटते.

साडेनऊला कानाला हेडफोन लावून बसलो होतो. सर सातव्या धड्यावर. एकदम कानात खालून गडगड आली, पोटात जाणवणारी. मी उठलो आणि पळालो. लातूरचा माणूस आहे, भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली तरी पाय दाराकडंच असतात. हेडफोन कानातच राहिला. वायरीनं कॉम्प्युटरचा डबा टेबलावरून ओढला तो फरशीवर. अंगणात आलो तर सौदामिनीबाई हातात उलथनं घेऊन उभ्या, मागून सरही आलेले. आणि रस्त्यावरून पाण्याचा टँकर चाललाय.

सर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. बाईपण हसल्या. मी आत जाऊन डिस्क कानाला लावली, आतून टिकटिक येत होती. मेली. सहाच्या सहा धडे गेले.

मी डोक्याला हात लावून बसलो. सरच माझी समजूत घालत होते. "जाऊ द्या हो. परत करू." मग बाईंना म्हणले, "डॉक्टरांना फोन करून सांग, दोन आठवडे पुढं ढकला म्हणावं. इकडं काम राहिलंय." बाई म्हणल्या, डॉक्टर म्हणले होते उशीर नको. सर म्हणले, "पंधरा दिवसांनी काय होतंय?" आवाजात कशी उभारी आली होती. माझ्यावर राग धरला नाही, एवढा मोठ्या मनाचा माणूस.

आता ऑपरेशन एकोणीस एप्रिलला.

२६ मार्च, शुक्रवार

नवी डिस्क टाकून तीन बैठका झाल्या. आता वेगळीच खराबी. धडा चालू असताना मध्येच आवाज गायब. चाळीस सेकंद, कधी मिनिटभर. मग परत येतो. काही नियम नाही. एका धड्यात दोनदा, एकात एकदा. मी समोर बसून शब्द न् शब्द ऐकलेला, सर थांबले नव्हते. हेडफोन त्या शनिवारपासून मी बैठकीत लावत नाही, भ्यालोय. त्यामुळं भोक पडलेलं कळतं ते रोजची बैठक सीडीवर उतरवून घरी ऐकतो तेव्हा.

सरांना सांगितलं. म्हणले, "किती धडे खराब?" म्हणलो तीन. "मग परत करावे लागतील." म्हणलो करावेच लागतील, भोकाचा धडा मी कुणाच्या हातात देणार नाही. सर म्हणले, "शाबास. काम असं पाहिजे." पी.यू.सी.नंतर मास्तरानं शाबास म्हणल्याचं आठवत नाही.

३० मार्च, मंगळवार

वायर बदलली. रॅम बदलली. अँटीव्हायरस काढला, स्क्रीनसेव्हर काढला. भोकं आहेतच. बेजार झालोय.

२ एप्रिल, शुक्रवार

साऊंड कार्डावर शंका आली म्हणून पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेलो. साडूचा भाऊ खाजामियाँ तिथं कॉम्प्युटरचे जुने पार्ट विकतो. त्यानं कार्ड काढून दिलं आणि विचारलं, "माईक बघितला का?" म्हणलो नवाकोरा आहे, सेलपण नवा. लोह्याच्या पुढं एसटी पंक्चर झाली, दीड तास बाभळीखाली उभा. खिशात कार्ड, डोक्यात ती भोकं. ह्या वयात हे कुठलं कोडं घेऊन बसलो.

७ एप्रिल, बुधवार

नवं कार्ड, जुनी खराबी. आज दोन धड्यांत तीन भोकं.

आणि बैठकीच्या सुरुवातीला स्क्रीनवर बघून घेतो ती आवाजाची हिरवी पट्टी पहिल्या दिवशी जेवढी उडत होती तेवढी उडत नाही. माईकचा आवाज रोज थोडा थोडा वाढवत पाऊणपर्यंत आणलाय. वाढवलं की मागची सळसळपण वाढते. माईक कमजोर पडत चाललाय का काय. उद्या दुसरा लावून बघतो.

८ एप्रिल, गुरुवार

दुसऱ्या माईकवरही पट्टी तेवढीच. सर मधूनमधून भिंतीला टेकतात. खिशाकडं हात जातो, रुमाल काढून तोंड पुसतात. उकाडा आहेच.

११ एप्रिल, रविवार

आज मुखेडहून शिवकांता आली होती, तिथं शाळेत शिक्षिका आहे. सरांच्या पाया पडली आणि माझ्या शेजारी बसली. सरांनी तिलाच प्रश्न विचारत दोन धडे घेतले. सदरा घामानं भिजला तरी रुमाल एकदासुद्धा काढला नाही. दुकानात येऊन ऐकलं, एक भोक नाही! एक टिकलीपण नाही. मी दुकानात एकटाच ओरडलो.

चहाला बसलो तेव्हा बाईंनी सांगितलं होतं ती कोण ते. भूकंपात सर औशाकडच्या त्यांच्या गावी होते. पहाटे घरं पडली. शेजारची पंधरा वर्षांची शिवकांता माळवदाखाली गेली, वर मातीचा ढीग. पोरीला झोप येत होती. झोपली असती तर संपलंच होतं. सर ढिगाला तोंड लावून सात तास बोलत राहिले. पाढे घेतले, मूलद्रव्यांची नावं म्हणून घेतली, चुकली की रागवायचे. लष्कराची माणसं येईपर्यंत. "त्या दिवसापासून सर आवाजाला लई जपतात," बाई म्हणल्या. "थंड पाणी पीत न्हाईत. मला म्हणतात, माझ्यापाशी दुसरं हाय काय."

रात्री उशिरापर्यंत विचार करून कारण सापडलं. आज रविवार, सरांच्या घरामागची डाळमिल बंद! मोटारी बंद म्हणजे व्होल्टेज स्थिर. म्हणून स्वच्छ आलं.

१२ एप्रिल, सोमवार

सरांना इलाज सांगितला. आता फक्त रविवारी रेकॉर्डिंग करायचं. राहिलेले आणि बिघडलेले मिळून तेरा धडे, म्हणजे सहा-सात रविवार. मे संपेल, ऑपरेशन त्याच्या पुढं जाईल, पण काम पक्कं होईल. सर म्हणले, "तुम्ही कारागीर. तुम्ही म्हणाल तसं." अंबरीशला फोन केला, तोही म्हणला जूनच्या आत द्या म्हणजे झालं.

बाई चहाचे कप उचलत होत्या. आत जाऊन भांडी जरा जोरानंच घासत होत्या.

१८ एप्रिल, रविवार

मिल बंद. व्होल्टेज दोनशे तीस, हलत नाही. तिथल्या तिथंच ऐकून बघितलं, दोन धड्यांत चार भोकं.

मी बाईंसमोरच बोलून गेलो, सर, परत करावं लागेल. तर बाई, ज्या मला आजवर एक वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, दारात येऊन कडाडल्या.

"उद्या ऑपरेशन व्हायचं होतं यांचं. उद्या! डॉक्टर फोनवर मला म्हणले, गाठ वाढलीय, तुम्हाला माणूस पाहिजे का न्हाई? मी काय सांगू त्यांना? कॉम्प्युटर नीट होईना म्हणून सांगू? मुज्तबाभाई, तुमचं मशीन माझ्या नवऱ्याला खाऊन राहिलंय."

सर म्हणले, "सौदामिनी, त्यांना बोलू नको." पण माझ्याकडं बघितलं नाही.

मी कॉम्प्युटर तसाच ठेवून निघालो. जेवण गेलं नाही. बिलकीस ताट झाकून जवळ बसली.

२० एप्रिल, मंगळवार

दोन दिवस दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक बघितलं नाही. आधीपासूनची सगळी भोकं परत ऐकली. आणि जे पहिल्या दिवशी बघायला पाहिजे होतं ते आज बघितलं. कॉम्प्युटरनं आवाज गिळला असता तर तेवढा वेळही गिळला असता. फाइल घड्याळापेक्षा आखूड आली असती. इथं वेळ बरोबर आहे, सेकंदाचा फरक नाही. भोकातसुद्धा बारीक सळसळ चालू आहे. म्हणजे कॉम्प्युटर इमानदारीनं भरून घेत होता. त्याच्यापर्यंत आवाज येतच नव्हता.

म्हणजे खराबी माईकपाशी. पण दोन माईक, दोन सेल, दोन वायरी. दोन्ही सारखेच कसे बिघडतील? डाळमिलचा संबंध नाही म्हणजे रविवारची अट गेली, सरांनी उद्यापासूनच बोलावलंय. उद्या आणि परवाच्या बैठकीला माझा जुना कॅसेट रेकॉर्डर कपाटावर लावून ठेवतो. त्याला त्याचा स्वतःचा माईक आहे.

२३ एप्रिल, शुक्रवार

कॅसेट आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावून ऐकलं. कॉम्प्युटरवर आवाज जातो तिथं कॅसेटवर सरांचा आवाज चालूच आहे. फक्त त्याच्या आधी एक बारीक टक. पन्नास सेकंदांनी परत टक. मग कॉम्प्युटरवर आवाज येतो.

माईकच्या डबीच्या बटणाचा आवाज मला कळत नाही? सव्वीस वर्षं दुसरं केलं काय मी.

चार धडे, सहा भोकं, बारा टक. रुमाल काढायला खिशात जाणारा हात माझ्या डोळ्यांपुढं आला आणि मी हेडफोन काढून ठेवला. शिवकांता समोर बसलेली त्या दिवशी तो हात खिशाकडं गेला नव्हता. आणि मी गाढव डाळमिलला बोल लावत होतो.

सर घाबरलेत. एवढंच आहे. धडे संपले की सोलापूर, आणि सोलापूर म्हणजे आवाज संपला. माझ्या हातून डिस्क पडली तेव्हा त्यांना पंधरा दिवस फुकट मिळाले, तिथून त्यांना वाट सापडली. आणि मी? दर वेळी परत करू, परत करू म्हणणारा कोण? एका भोकासाठी पूर्ण धडा परत घ्यायची गरज नव्हती, तेवढाच तुकडा घेऊन जोडता येतो. मला हे पहिल्या दिवसापासून येतं. मलाही ते संपायला नको होतं. सकाळी आठ वाजता कुणीतरी मला "समजलं का" विचारतं, ते सुटायला नको होतं. बाई म्हणल्या ते खरं आहे, फक्त मशीनचं नाव चुकलं त्यांचं.

दुकानाच्या वहीत कारणाचा रकाना कोरा ठेवला.

२४ एप्रिल, शनिवार

सकाळी गेलो. बाई दळण आणायला गेल्या होत्या. सर सदरा घालून तयारच, माईक मागितला. मी दिला नाही.

म्हणलो, "सर, काम झालं. एकवीसही धडे झाले."

"भोकं होती ना?"

"भरली. माझा जुना टेप चालू होता कपाटावर. त्याच्यावर सगळं हाय."

सर खुर्चीवर बसले. दीड महिन्यात पहिल्यांदा बसलेले बघितले. "कधीपासून चालू होता?"

"पहिल्या दिवसापासून."

खोटं बोललो. कॅसेटवर फक्त शेवटच्या दोन बैठका आहेत. बाकीच्या नऊ धड्यांतली भोकं आता जन्मभर भोकंच राहणार. पण चेहरा हलू दिला नाही. गिऱ्हाइकाला पिक्चर ट्यूब गेली म्हणून सांगायची सवय आहे, इथं उलटं सांगायचं होतं.

सरांना कळलं की मला कळलंय. हात खिशावर गेला, खिशात काहीच नव्हतं. मग त्या फाटक्या आवाजात म्हणले, "मुज्तबाभाई, उद्या एखादं पोरगं शंका घेऊन दारात आलं, तर मी काय करू? नुसती मान हलवू?"

आणि मला राग आला. एवढ्या मोठ्या माणसावर, त्यांच्याच घरात मी आवाज चढवला. "मान हलवा! मी दीड महिना झाला तुमच्यापुढं नुसती मानच हलवून राहिलोय, तुमचं कुठं अडलं? मला तर एक अक्षर बोलू दिलं न्हाई तुम्ही. तरी शिकवलंच का न्हाई मला? आणि बाईंकडं बघा की जरा. त्यांनी कुणाला शंका विचारायची?"

सर खाली बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसत नव्हते.

"सौदामिनीला सांगितलंत?"

"न्हाई. सांगणार बी न्हाई. मशीनची खराबी होती. मशीनवाला मी."

बाहेर फाटक वाजलं, बाई आल्या. सरांनी तोंड पुसलं आणि म्हणले, "सौदामिनी, डॉक्टरांना फोन लाव. लवकरात लवकर कधी, विचार." बाई दळणाचा डबा हातात धरूनच भिंतीला टेकल्या.

३ मेची तारीख मिळाली.

२९ एप्रिल, गुरुवार

चार धडे कॅसेटवरून जोडले. जोड कळतो. सर मध्येच शेजारच्या खोलीत जाऊन बोलल्यासारखे वाटतात. बाकीच्या नऊ धड्यांत आवाज जातो तिथं जातो. सीडी अंबरीशला देऊन आलो.

संध्याकाळी त्याचा फोन. "चाचा, हे काय हो? वाक्याच्या मध्येच आवाज जातोय. पोरं काय म्हणतील?" म्हणलो माझी चूक, ग्राउंडिंग चुकलं. "अहो मग सांगायचं ना, परत केलं असतं!" म्हणलो आता परत न्हाई. तर म्हणला, फिजिक्सचं काम पुण्याच्या स्टुडिओला देतोय, राग मानू नका. म्हणलो बरोबर हाय तुझं. फोन ठेवल्यावर मात्र आत कुठंतरी लागलंच. लातुरात माझ्या हातचं खराब काम म्हणून दाखवायला आता एक वस्तू झाली, आणि तिच्या आठशे कॉप्या निघणार.

२ मे, रविवार

सकाळी सरांकडं जीप लागली होती. बाई म्हणल्या, "मुज्तबाभाई, तुमच्या मशीनला लई बोलले मी. मनावर घेऊ नका." म्हणलो, मशीन बोलण्यासारखंच होतं बाई. सर तिथंच उभे होते. मान खाली घातली.

मी छोटा रेकॉर्डर नेला होता. म्हणलो, सर, घरच्यासाठी चार शब्द बोलून ठेवा, बाईंना होतील. सरांनी रेकॉर्डरवर हात ठेवला आणि म्हणले, "हा बंदच राहू द्या. हिच्याशी मी तसंच बोलतो." मग दोघं आत गेले आणि दार लोटलं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, मी त्याला शिव्या दिल्या. पाऊण तासानं बाहेर आले. काय बोलले ते मला माहीत नाही. जीपमध्ये चढताना सर मला म्हणले, "येतो." आवाज जवळजवळ नव्हताच.

१२ मे, बुधवार

ऑपरेशन झाल्याचं अंबरीशकडून कळलं होतं. गाठ पूर्ण निघाली म्हणे. आज दुपारी दुकानातला फोन वाजला. सौदामिनीबाई, सोलापूरच्या दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथमधून. "चालायला लागलेत. पण ऐकतच न्हाईत, फोन लाव म्हणून खुणा करून राहिलेत. काय करू, बोलता तर येत न्हाई. देते त्यांना."

रिसीव्हरमधून नुसता श्वास आला. घशातून येणारा, शिट्टीसारखा. मी सर, सर म्हणत राहिलो. कसे आहात विचारून काय उपयोग, सांगणार कसे. मग तोंडातून निघून गेलं, "सर, एक शंका हाय."

श्वास थांबला.

म्हणलो, "हो असंल तर रिसीव्हरवर एकदा वाजवा, न्हाई असंल तर दोनदा. सेलमध्ये अ‍ॅनोड निगेटिव्ह असतो ना?"

टक.

"मग इलेक्ट्रोलिसिसमध्ये बी निगेटिव्ह?"

टक टक.

"तिथं पॉझिटिव्ह?"

टक.

"म्हणजे ते प्लस-मायनस धरून बसायचंच न्हाई. मी तीस वर्षं तेच धरून बसलोय. मग धरायचं काय, रिडक्शन?"

टक टक! जरा जोरात, रागावल्यासारखं.

"ऑक्सिडेशन? दोन्हीकडं ऑक्सिडेशन अ‍ॅनोडलाच?"

टक.

मी म्हणलो समजलं सर, आता पक्कं समजलं. पलीकडून बाईंनी फोन घेतला. "काय विचारलं वो तुम्ही? बूथवाला बघून राहिलाय, आणि हे काचेवर बोटानं प्लस-मायनस काढून हसून राहिलेत." मग त्यांचाच आवाज भरून आला आणि पैसे संपले का काय, लाइन कटली.

मी रिसीव्हर तसाच हातात धरून रडत बसलो. तेवढ्यात एक म्हातारी मिक्सर घेऊन पायरी चढली, मला बघून घाबरली. "काय झालं रे बाबा? कोण गेलं?"

"न्हाई आजी," म्हणलो, "कुणी गेलं न्हाई. आणा तो मिक्सर."